बुजवलेली झालर

हीटर तिसऱ्यांदा विझला तेव्हा रेनोंनी त्याला फिनिशमध्ये एक शिवी हासडली आणि लगेच नातीकडे बघून म्हणाले, "हे तुझ्या मुम्मू-आजीला सांगायचं नाही हं."

"मुम्मूला सगळं कळतं," पाच वर्षांची एल्सी म्हणाली. "आणि तू काय म्हणालास ते मला पण कळतं, उक्की."

"मग तर तू आमच्यातलीच."

एल्सीची आई ब्रेना हसली. दोन आठवडे ती हसलीच नव्हती. आधी धाकट्या ओटोचा ताप, मग एल्सीचा खोकला, मग पुन्हा ओटो. घराच्या खिडक्यांवर बर्फाचे पापुद्रे धरलेले, नवरा कर्ट खाणीत बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर, आणि दिवसभर तिच्या अंगाला चिकटलेली दोन गरम, चिडचिडी शरीरं. म्हणून शनिवारी सकाळी सासऱ्यांनी दारात पिकअप उभा करून "चला, तळ्यावर जाऊ, पोरांना हवा लागेल" म्हटल्यावर तिने दुसऱ्यांदा विचारायला लावलं नाही. थर्मासमध्ये चॉकलेट भरलं, वेलदोड्याचा पुल्ला पाव कापून घेतला, मुलांवर थरांवर थर चढवले आणि निघाली.

तंबू नवा होता. कर्टने नाताळात बापाला दिलेला. गोधडीसारखा दोन कापडांत अस्तर भरून शिवलेला, चारी भिंती बाहेरच्या बाजूला फुगवून उभा करायचा. आत गोठलेल्या तळ्याला पाडलेली दोन भोकं, त्यांत सोडलेले गळ, दोन खुर्च्या, एक बादली आणि ही चार माणसं. रेनोंना तो तंबू फारसा पसंत नव्हता. त्यांचं खरं प्रेम त्यांच्या फळ्यांच्या खोपटावर. ते त्यांनी बावीस वर्षं दर हिवाळ्यात तळ्यावर ओढून नेलं होतं आणि गेल्या वसंतात ते अखेर मोडलं. कर्ट सांगायचा, लहानपणी त्या खोपटात निजलं की फळ्यांमधून हिम भुरभुरत यायचं आणि सकाळी पांघरुणावर पांढरी रेघ असायची. तशी रेघ या तंबूत दिसता कामा नये, म्हणून रेनोंनी आल्या आल्या फावडं घेतलं, तंबूच्या खालच्या झालरीवर चारी बाजूंनी हिम ओढलं आणि बुटांनी थापून थापून दगडासारखं केलं. इथली सगळीच माणसं झालर बुजवतात. पण रेनोंसारखी कोणी बुजवत नाही.

"याला मध्येच काय होतं?" रेनोंनी हीटरची कळ पुन्हा दाबून धरली. भपकन निळी ज्योत आली, जाळी लाल झाली. "नवी वस्तू म्हणजे नुसती नखरेल."

"कर्ट म्हणत होता, हवा कमी पडली की हा आपोआप बंद होतो."

"हवा कमी?" रेनो खुर्चीत मागे रेलले. "पोरी, बाहेर हवाच हवा आहे. ती आत येऊ नये म्हणून तर मी तासभर फावडं मारलं."

तिला पुढे काही बोलता आलं असतं. छताजवळ दोन झरोके होते, हातभर रुंद, कापडी झाकणांचे. एक रेनोंनी आल्याबरोबर बंद केलं होतं. दुसरं तिने स्वतः, अर्ध्या तासापूर्वी. तिथे श्वासाचं दव गोठत होतं आणि वितळून ओटोच्या मानेवर टपकत होतं. ताप नुकताच उतरलेल्या मुलाच्या मानेवर. तिने हात वर करून झाकण चिकटवून टाकलं होतं, बोटांनी कडा दाबून, नीट.

चौथ्यांदा हीटर विझला तेव्हा रेनो उठले. "बास झाले लाड. सूर्यफूल आणतो."

सूर्यफूल म्हणजे त्यांची जुनी शेगडी. गॅसच्या उभ्या टाकीच्या डोक्यावर पिळून बसवलेली एक गोल उघडी तबकडी, बस. ना कळ, ना कसली आपोआप बंद होण्याची भानगड. पिकअपमधून आणून त्यांनी ती डाव्या कोपऱ्यात ठेवली, तोंड भिंतीपासून आत वळवलं, मुलांपासून लांब. एल्सीला दरडावून सांगितलं, "या बादलीच्या पुढे यायचं नाही. आलीस तर तुझी सॉसेज होईल." मग काडी ओढली. तबकडी घरघरली, नारिंगी झाली आणि पाच मिनिटांत तंबूत अशी ऊब भरली की ब्रेनाच्या खांद्यांतली आठवड्यांची गाठ सुटल्यासारखी झाली.

"बघ," रेनो म्हणाले. "हे विझतं का? वडिलांचं आहे माझ्या."

कोट निघाले. बूट निघाले. मुलं लोकरी मोज्यांवर बसली. ओटोचे गाल छान गुलाबी झाले होते. अडीच वर्षांचा ओटो आजोबांच्या मांडीवर चढला, त्यांच्या दाढीचा एक केस ओढून बघितला आणि मग डोकं छातीवर टाकून झोपून गेला.

ब्रेना बघतच राहिली. ओटो झोपत नसे. त्याला झोपवायचं म्हणजे पिकअपमधून गावाला तीन चकरा, दोन गाणी, एक बाटली आणि शेवटी तिचेच डोळे पाण्याने भरलेले. अडीच वर्षांत तिने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं, फक्त हे मूल झोपू दे. आणि इथे, सकाळी अकराला, कुणी न झोपवता.

"जादू आहे तुमच्या मांडीत, उक्की." मुलांसारखं तीही सासऱ्यांना उक्की, आजोबा, म्हणायची.

"मांडी नाही, पोट," रेनो पुटपुटले. त्यांचेही डोळे मिटायला आले होते.

"मम्मा, डोकं दुखतंय," एल्सी म्हणाली.

"चॉकलेट तीन कप झालं तुझं. सांगितलं होतं मी."

तिचंही डोकं जड होतं. दोन आठवड्यांच्या जागरणाचं, तिला वाटलं.

तेवढ्यात प्लास्टिकच्या खिडकीतून तिला लांबचा झेंडा दिसला. बाहेर साठ पावलांवर रेनोंनी तिसरं भोक पाडून त्यावर गळ लावून ठेवला होता. मासा लागला की त्याचा केशरी झेंडा टणकन उभा राहायचा. तो उभा होता.

"एल्सी, झेंडा."

झेंडा दिसला की एल्सी उलटे बूट घालून धावत सुटायची. मागच्या वर्षी पायात एकच बूट घालून धावली होती. आता ती अंथरलेल्या कांबळ्यावर आडवी झाली. "तू जा. माझे पाय दमले."

"मी जाऊन येते, उक्की."

"जा," रेनो डोळे न उघडता म्हणाले. "चेन लाव नीट. ऊब जाते."

तिने कोट चढवला, भोकातलं बर्फ काढायचा लोखंडी झारा घेतला, बाहेर पडली आणि दाराची चेन खालपर्यंत ओढली.

वारा तोंडात काचेसारखा गेला. सरळ चालता येईना, पाय कापसाचे झाले होते. भोकापाशी गुडघ्यांवर बसून तिने झाऱ्याने वरचा चुरा काढला, दोरी हातात घेतली. मासा मोठा होता. दोनदा डोकं हलवल्याचं कळलं, मग दोरी सैल पडली. गेला. तिने गळ पुन्हा सोडला, झेंडा पुन्हा वाकवला. यात दहा मिनिटं गेली असतील. आणि मग तिच्या लक्षात आलं की डोकं दुखत नाहीये.

तिला आधी बरं वाटलं. मोकळी हवा, ती स्वतःशी म्हणाली. आणि ते शब्द मनातच अडकले.

मोकळी हवा लागली आणि डोकं दुखायचं थांबलं. आत एल्सीचं डोकं दुखत होतं. एल्सी झेंड्याकडे धावली नाही. ओटो झोपला. ओटो, जो झोपत नाही.

ती पळत सुटली.

"उक्की," ती ओरडली. "चेन उघडा. उक्की."

आतून सूर्यफुलाची घरघर येत होती, एकसारखी. दुसरा आवाज नव्हता. तिने चेनची कडी धरून वर ओढली. कडी वीतभर सरकली आणि थांबली. आतल्या ओल्या श्वासांचं दव चेनच्या दातांत शिरलं होतं आणि तिने बंद केल्यापासून त्याची पांढरी, कडक पट्टी झाली होती. तिने दोन्ही हातांनी ओढलं. कडी हातात तुटून आली.

"एल्सी. बाळा, बोल माझ्याशी."

"हं," आतून आलं. फार लांबून आल्यासारखं.

"उठ. चेनपाशी ये."

"नको."

ब्रेनाने कापड ओरबाडलं, ते फाटणारं नव्हतं. सुरी आत बादलीत. फावडं रेनोंनी पिकअपमध्ये ठेवलं होतं, शंभर पावलं तिकडे, शंभर इकडे. ती गुडघ्यांवर पडली आणि झाऱ्याने झालरीवरचं हिम खणू लागली. झारा चुरा काढायचा, भोकाभोकांचा. त्या थापलेल्या भिंतीवर तो टणटण वाजला आणि सुपारीएवढं काहीतरी उडालं. तिने झारा उलटा धरला, दांड्याने भोसकलं. पुन्हा. पुन्हा. म्हातारा किती जीव लावून काम करतो, किती जीव लावून, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि तोंडातून स्वतःचाच हुंकार येत होता, बाळंतपणात येतो तसा.

तिने डावा कोपराच निवडला होता. ते विचार करून होतं की हातांनी आपणच ठरवलं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. तंबू आधी उचलला असता तर जळती तबकडी पोरांवर पडली असती. आधी ती विझायला हवी.

दांडा आत घुसला. तिने हातमोजा काढला, हात खांद्यापर्यंत झालरीखालून आत घातला, चाचपडत गरम टाकी शोधली, वरची गॅस बंद करायची चकती शोधली आणि उजवीकडे पिळली. तबकडीच्या कडेला मनगट लागलं. चर्र झालं. तिने पिळत ठेवलं. घरघर बंद झाली.

आता नुसता वारा ऐकू येत होता.

वारा. ती उठली. वाऱ्याच्या बाजूला तंबूच्या दोन दोऱ्या बर्फात पिळलेल्या खिळ्यांना बांधल्या होत्या. एक गाठ दातांनी सोडली, दुसरी बुटाने लाथा घालून. मग मोकळ्या झालेल्या झालरीत दोन्ही हात घालून तिने वर उचललं. खाली तेवढीच फट मिळाली आणि ज्या वाऱ्याला बाहेर ठेवायला तासभर फावडं चाललं होतं, तो वारा आत घुसला. तंबू फुगला. उरलेलं हिम तडतडत सुटलं. सबंध तंबू उलटा होऊन तळ्यावरून गडगडत निघाला आणि मागे उघड्या बर्फावर, ऊन पडलेल्या बर्फावर, तिचं सगळं उरलं. कलंडलेली टाकी. बादली. कुशीवर पडलेली एल्सी, स्वतःच्या ओकारीशेजारी, पापण्या मिचकावत. खुर्चीत मान मागे टाकलेले रेनो, तोंड उघडं. आणि त्यांच्या मांडीवर ओटो, गुलाबी गालांचा, झोपलेला.

तिने त्याला उचललं. त्याची मान गेली मागे.

"ओटो." तिने त्याला हलवलं. गालावर मारलं, हळू, मग जोरात. अडीच वर्षं ज्या मुलाच्या खोलीतून ती चोरासारखी अनवाणी बाहेर पडत आली होती, त्याच्या कानात ती किंचाळली, "उठ. उठ ना रे, राजा."

तिने कान त्याच्या नाकाला लावला. वाऱ्यात काही कळेना. अंगरख्यात डोकं घालून पोटावर गाल ठेवला. पोट वर आलं. खाली गेलं. थांबलं. किती वेळ थांबलं. पुन्हा वर आलं.

सामान ओढायची घसरगाडी तिथेच होती. तिने त्यावर रेनोंचा मोठा कोट पसरला, दोघा मुलांना एकमेकांना चिकटवून त्यात गुंडाळलं, बूट सापडले ते वर टाकले. मग सासऱ्यांसमोर उभी राहिली. हा माणूस तिच्यापेक्षा दुप्पट वजनाचा होता. तिने त्यांच्या दोन्ही गालांवर मूठभर हिम चोळलं. "उक्की, मी पोरांना घेऊन जातेय. ऐकताय? मी तुम्हाला सोडून जातेय. गाडी घेऊन येते."

त्यांचा एक डोळा उघडला. ओळख नव्हती त्यात.

ती दोरी कमरेला घेऊन ओढत निघाली. शंभर पावलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून सत्तराव्याला तिने बघितलं. रेनो खुर्चीतून खाली पडले होते आणि लहान मुलासारखे हातांवर आणि गुडघ्यांवर, कोटाविना, तिच्या दिशेने येत होते.

पिकअपमधल्या फोनवर मदतकेंद्रातल्या बाईचा आवाज होता, शांत, काठावरच्या गावातल्यासारखा. "मुलाचा श्वास चालू आहे का?"

"आहे. बहुतेक."

"बहुतेक नको, बाई. हात ठेवून बघा आणि सांगा."

"आहे."

"खिडक्या उघडा. चारी."

"उणे वीस आहे इथे."

"तरी उघडा. गाडीतला हीटर पूर्ण लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. रुग्णवाहिका काठावर, होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर येतेय. तुम्ही तिथपर्यंत येऊ शकता?"

तिने पिकअप मागे घेतला, रेनोंना काखेत धरून मागच्या सीटवर ओढलं. कसं ओढलं ते देवाला माहीत. मुलं त्यांच्या शेजारी. उतार दोन मैलांवर, बर्फावर चाकांच्या खुणांचा रस्ता, आणि फार वेगाने गेलं तर खालचं पाणी लाट करून बर्फ फोडतं, हे तिला तिच्या बापाने शिकवलेलं. तिला गाडी चालवायची होती आणि मूलही बघायचं होतं. दोन्ही होईना.

"एल्सी, ऐक. ओटोच्या पोटावर हात ठेव. पोट वर आलं की 'हो' म्हणायचं. दर वेळी. जमेल?"

"मला झोप येतेय."

"झोपायचं नाही. 'हो' म्हणायचं."

"हो," एल्सी म्हणाली. वारा खिडक्यांतून आरपार जात होता. "हो." मग बराच वेळ काही नाही. "हो."

ब्रेना त्या एका अक्षरावर गाडी चालवत होती. दोन अक्षरांच्या मधल्या जागेत तिला पिकअप दिसायचा नाही, रस्ता दिसायचा नाही. छताचा झरोका दिसायचा आणि त्याच्या कडा दाबणारी स्वतःची बोटं.

"हो." काठावरची झाडं दिसू लागली. "हो."

मग काहीच नाही.

"एल्सी?"

वारा.

"एल्सी, बोल." कोण थांबलं होतं? पोट की मुलगी? गाडी थांबवून बघावं तर तेवढी मिनिटं जाणार. न थांबता जावं तर ती कशाकडे गाडी नेतेय हे कळणार नाही. आरशात नुसता कोटाचा ढीग दिसत होता. तिचा पाय ब्रेकवर गेला.

"हो," मागून आलं. घोगरं, जाड, जीभ न वळणारं. मोठ्या माणसाचं. "चालव, पोरी. ही झोपलीय. माझा हात आहे. हो."

तिने पाय उचलला.

"हो," रेनो म्हणत राहिले, उतारावरचे लाल दिवे दिसेपर्यंत. "हो. हो."

*

ओटोचे डोळे रुग्णवाहिकेत उघडले नाहीत. इस्पितळातही लगेच नाही. तोंडावर प्राणवायूचा चिमुकला, नळी लावलेला मास्क, आणि काचेआडून बघणारी माणसं. एल्सी दोन तासांत बसून जेली खाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, लहान मुलं श्वास भराभर घेतात, म्हणून कोंडलेल्या शेगडीचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, तोही भराभर घेतात. आजोबांच्या आधी नातू झोपतो. आणखी वीस मिनिटं झाली असती तर, असं म्हणून ते थांबले आणि तिच्या जळलेल्या मनगटाकडे बघून म्हणाले, हेही दाखवून घ्या.

कर्ट खाणीतून यायला निघाला होता. ब्रेना ओटोचा पाय धरून बसली होती. पलीकडच्या खाटेवर रेनो होते, त्यांच्याही तोंडावर मास्क. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर काय बोलली असती याची तिला भीती वाटत होती, आणि त्या बोलण्यात तिची स्वतःचीही पाळी येणार होती.

बऱ्याच वेळाने रेनोंनी मास्क बाजूला केला. "बावीस वर्षं," ते म्हणाले. "त्याच शेगडीवर. पोरं तिच्याशेजारीच निजायची. कर्टसुद्धा."

"मास्क लावा तोंडाला."

"एकदासुद्धा काही झालं नाही."

"फटी होत्या," ब्रेना म्हणाली.

"काय?"

"खोपटाला तुमच्या. फळ्यांना फटी होत्या. हिम यायचं ना आत, पांघरुणावर." तिचा आवाज तिलाच सपाट वाटला. "हवापण यायची."

रेनो छताकडे बघत राहिले. त्यांचा मोठा, फुटलेल्या नखांचा हात चादरीवर एकदा थापल्यासारखा पडला, मग आणखी एकदा, हळूच. फावड्याने थापतात तसा. आणि मग त्यांनाच ते कळलं आणि त्यांनी तो हात चादरीखाली घेतला.

"तो हीटर चार वेळा विझला," ते म्हणाले.

"झरोका मी बंद केला, उक्की. दुसरा. मी केला."

नर्स आली, मास्क पुन्हा रेनोंच्या तोंडावर बसवला, त्यांना लहान मुलासारखं रागावली आणि गेली.

खिडकीबाहेर दिवस मावळायला आला होता. ब्रेनाच्या मुठीतला पाय हलला. मग टाच तिच्या तळव्यावर आपटली, जोरात, चिडून. ओटोने तोंडावरच्या मास्कला दोन्ही हात लावले, तो ओढून बघितला, निघेना, आणि त्याने घसा फाडून रडायला सुरुवात केली. तेच रडणं. रोज दुपारी दोनला, रोज संध्याकाळी सातला, भिंतीतून, उशीतून, तिच्या हाडांतून येणारं.

नर्स धावत आली. "शांत करा त्याला, थोपटा, झोपू दे."

"नाही," ब्रेना म्हणाली. तिने त्याला नळ्यांसकट छातीशी धरलं आणि थोपटलं नाही. "रडू दे त्याला जरा."